सुचलेलं जातं कुठे? लेखाचे विषय टिपायची आणि लावून ठेवायची माझी पद्धत

रविवारी सकाळी चहाबिहा घेऊन लॅपटॉप उघडायचा आणि पुढचा तासभर कोऱ्या पानाकडे बघत बसायचं, असं मी कितीतरी वर्षं केलंय. वैताग ह्याचा की त्याच आठवड्यात डोंबिवली ते ठाणे उभ्याने जाताना, एका हाताने वरची कडी धरून, चांगले तीन विषय सुचलेले असायचे. सुचले तेव्हा वाटायचं, हे काय विसरण्यासारखं आहे का, राहील की लक्षात. कसलं राहतंय, ठाण्याला उतरेपर्यंत राहत नाही तर रविवारपर्यंत कुठून राहणार.

म्हणून कोणी "मला हल्ली काही सुचतच नाही गं" म्हणालं की मी आधी विचारते, टिपून ठेवतेस का? बहुतेक जणी हो म्हणतात. मग दाखव म्हटलं की यादी निघते: पाऊस, आजीची भांडी, रिक्षावाला, नाती, एकटेपणा. ही वाणसामानाची यादी झाली. माझीही अशीच होती, जवळजवळ दोनशे ओळींची, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी वाचून मलाच कळेना की हे मी का लिहिलं होतं. रिक्षावाला म्हणजे कुठला रिक्षावाला? काय केलं त्याने? काहीतरी केलं असणारच, उगाच नाही मी लिहिलं, पण ते गेलं ते गेलंच.

तर सगळ्यात आधी ही सवय लावा: विषयाचं नाव लिहू नका, त्या क्षणी ज्याने तुम्हाला थांबवलं ते लिहा. पूर्ण वाक्यात, तोडकंमोडकं चालेल, शुद्धलेखन गेलं उडत.

माझ्या त्या यादीत "कल्हई" असा एक शब्द दोन वर्षं पडून होता. त्याच्यावर लिहायला बसलं की पूर्वी दारोदार कल्हईवाले यायचे, मग स्टील आलं आणि ते गेले, ह्याच्यापुढे गाडीच जाईना, आणि एवढं तर सगळ्यांनी लिहून झालंय. मग एकदा सासरी गेलेले असताना अंगणात खरंच कल्हईवाला येऊन बसला आणि मी तिथेच पायरीवर बसून फोनमध्ये असं काहीतरी खरडलं: "पातेलं तापलं की नवसागर टाकतो, पांढरा धूर, नाकात झोंबतो. कथलाची कांडी नुसती टेकवली की वितळते, कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवतो, काळपट पातेलं बघता बघता चांदीसारखं. पाण्यात बुडवलं की चर्रर्र. भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आहे. सासूबाईंनी पैशांची घासाघीस केली नाही! कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं भांडतात. मग इथे का नाही?"

शेवटचं ते "का नाही" बघा. लेख तिथे होता. कल्हईवर नव्हताच तो, सासूबाईंच्या घासाघिशीवर होता आणि मी दोन वर्षं भलत्याच दारावर टकटक करत बसले होते.

तेव्हापासून नोंद करताना मी स्वतःला एवढंच विचारते की ह्याच्यात मला काय कळलं नाही. कळलं असेल तर नोंद बहुतेक मेलेलीच असते, कारण जे आपल्याला कळलंय ते वाचणाऱ्यालाही बहुतेक माहीत असतं. आणि कोणी काही बोललं असेल तर ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, आपल्या भाषेत सुधारून अजिबात नाही. लोकलच्या लेडीज डब्यात बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" असं विचारलं जातं तेव्हा ती चौकशी नसते, तिच्या जागेचं बुकिंग असतं, आणि तीन जणींच्या बाकावर "जरा सरकता का" म्हणत चौथी सीट मिळवली जाते तेव्हा त्या "जरा"चा सूर दर वेळी वेगळा असतो. "डब्यात जागेवरून भांडण" एवढंच लिहून ठेवलं तर हे सगळं वाफेसारखं उडून जातं. तारीख, वार आणि ठिकाणही टाका, नंतर ज्या गोष्टी आठवतात त्या ह्या खुंटीला धरूनच आठवतात.

आता टिपायचं कुठे. ह्यावर लोक फार वेळ घालवतात, कुठलं ॲप, कुठली डायरी, लेदरची का साधी, आणि तेवढ्यात दोन लेख लिहून झाले असते. हाताशी जे असेल ते, फक्त जागा एकच पाहिजे. माझ्या एके काळी पाच होत्या: ऑफिसची डायरी, मेलचे ड्राफ्ट, गूगल कीप, किराण्याच्या बिलांची पाठ आणि व्हॉट्सॲपवरचा माझा एकटीचा ग्रुप. तो ग्रुप म्हणजे नवऱ्याला ॲड करायचं आणि लगेच काढून टाकायचं, हा उद्योग पुष्कळांनी केलाय, लाजू नका. आता २०२२ च्या शेवटापासून व्हॉट्सॲपने स्वतःलाच मेसेज करायची सोय दिलीये त्यामुळे नवऱ्याचा अपमान वाचतो. मी तेच वापरते, पण पाटीसारखं. पाटीवर लिहायचं, नंतर वहीत उतरवायचं, पाटी पुसायची. तिथेच साठवत बसलात तर लाइट बिलाचा फोटो, पार्सलचा ओटीपी आणि तुमचा लेख एकाच ढिगात जातात आणि ओटीपी तेवढा वेळेवर सापडतो.

टाइप करायचा कंटाळा असेल तर बोला. गूगलचं व्हॉइस टायपिंग मराठीत २०१७ पासून आहे, कीबोर्डवरच्या माइकला बोट लावलं की झालं. गर्दीत गोंधळ होतो, अनुस्वार कुठेही पडतात, माझ्या "कल्हई"ची त्याने "कलाई" केली होती, पण बोलताना एक फायदा होतो, आपण उगाच साहित्यिक होत नाही. फक्त त्याच रात्री एकदा वाचून नीट करून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ती कोणाची कलाई ते देवालाही कळणार नाही. स्वयंपाकघरासाठी मी फ्रिजवर दोरीला पेन्सिल बांधून कागद लटकवलाय. पेन्सिलच, कारण ओले हात आणि पेन ह्यांचं जमत नाही.

शनिवारी दुपारी मी वीस मिनिटं घेते आणि पाटीवरचं वहीत उतरवते. आधी मी विषयवार कप्पे केले होते, खाणं, प्रवास, माणसं, शहर, अगदी रंगीत खुणा वगैरे लावून. दिसायला सुंदर, उपयोग शून्य, कारण आज मी माणसं ह्या विषयावर लिहीन असं म्हणत कोणी उठत नाही. आता कप्पे तयारीवर आहेत. शिजलेलं म्हणजे ज्याच्यात काय बघितलं तेही आहे आणि प्रश्नही आहे, उद्या लिहायला घेता येईल. मुरतंय म्हणजे ह्यातलं एक काहीतरी आहे, दुसऱ्याची वाट बघतेय. आणि कच्चं. कच्च्यात तीन महिने पडून राहिलेलं मी सरळ खोडते. सुरुवातीला जीव तुटतो, पण खरकटं साठलेल्या ओट्यावर कोणाला स्वयंपाक करावासा वाटतो?

खरी मजा मात्र नोंदी जोडण्यात आहे. निक्लास लुमान म्हणून एक जर्मन समाजशास्त्रज्ञ होते, १९९८ साली गेले. त्यांनी आयुष्यभरात जवळपास ९०,००० चिठ्ठ्या लिहून लाकडी खणांमध्ये ठेवल्या होत्या आणि पुस्तकं सत्तरच्या आसपास लिहिली. त्यांची युक्ती अशी की चिठ्ठ्या ठरलेल्या विषयांच्या कप्प्यात कोंबायच्या नाहीत, प्रत्येक चिठ्ठीला नंबर द्यायचा आणि ही चिठ्ठी वाचताना जी दुसरी आठवेल तिचा नंबर हिच्यावर लिहून ठेवायचा. आपल्याला काही ९०,००० करायच्या नाहीत, मी वहीत त्याचा बालवाडीचा अवतार वापरते. कल्हईची नोंद ५७ नंबरची. वहीत उतरवताना आठवलं की आधी कुठेतरी आईचं लिहिलंय, ती ब्लाउजच्या शिंप्याशी कधीच पैशांवरून वाद घालत नाही, तो सांगेल ते देते आणि वर "बघा हं भाऊ, नीट करा" म्हणते. ती नोंद २३ होती. ५७ च्या खाली "२३ बघ" लिहिलं आणि मग दोन्ही शेजारी ठेवून वाचताना लक्षात आलं, अरे, ज्याच्या हातात आपलं कापड नाहीतर आपलं भांडं जाणार असतं त्याच्याशी ह्या बायका घासाघीस करत नाहीत, त्याने रागावून बिघडवलं तर? भाजीवाल्याच्या हातात आपलं काहीच नसतं. झाला लेख, दीड तासात. नुसत्या ५७ वर मी अजून बसले असते.

सणावारांचं एक वेगळं त्रांगडं आहे. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या मासिक मनोरंजनपासूनची, का. र. मित्रांनी सुरू केलेली, पण दिवाळीवरचा मजकूर दिवाळीत लिहून कधी चालतच नाही. अंकासाठी लिहायचं तर भर पावसाच्या तोंडावर, तेव्हा खिडकीत कपडे वाळत नसतात आणि आपण कंदील आठवत बसतो. म्हणून वहीच्या मागच्या बाजूला बारा पानं मराठी महिन्यांना दिलीत, चैत्र ते फाल्गुन, आणि सण चालू असताना जे दिसतं ते तिथे जातं, पुढच्या वर्षासाठी. भोगीच्या भाजीत काय काय घालायचं ह्यावरून दोन जावांमध्ये झालेली तणातणी पौषाच्या पानावर आहे. आंब्याचं तर आवर्जून करा, पेटी उघडल्यावरचा पेंढ्याचा वास थंडीत खुर्चीत बसून आठवून लिहाल तर तो खोटाच येणार.

एवढं सगळं करूनही एखाद्या रविवारी अडतंच. मग मी शिजलेल्यातल्या तीन नोंदी काढते, त्यातली जी वाचताना तोंडातून "अगं ऐक ना" येईल ती घेते आणि बहिणीला सांगितल्यासारखी फोनवर रेकॉर्ड करते, घरात फेऱ्या मारत, पाच मिनिटं. सुरुवातीचा परिच्छेद लिहीत नाही. तोच घोळ घालतो, कारण तिथे आपण मोठ्या आवाजात बोलायला लागतो. मधूनच सुरू करायचं, नवसागराच्या धुरापासून, आणि पंधरा मिनिटांचा अलार्म लावायचा. वाजल्यावर उठायचं असलं तरी उठवत नाही बहुतेक वेळा. आणि कधी कधी अडत काहीच नसतं, झोप झालेली नसते, तेव्हा वही मिटून झोपा.

आणि वहीचे फोटो काढून ठेवा. फोनमधल्या नोंदी दुसरीकडे पाठवून ठेवा. माझा फोन एकदा धुण्याच्या बादलीत पडला, दुरुस्तीला दिला तो व्यवस्थित चालू होऊन आला आणि आतून कोराकरकरीत, दुकानदाराने न विचारता सगळं उडवलेलं. आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या. वही त्यानंतर आली, आणि आता दर महिन्याच्या एक तारखेला वहीच्या पानांचे फोटो काढून बहिणीला पाठवते. ती ते उघडून बघत नाही म्हणते.

आत्ता हे लिहिताना पाटीवर कालची एक ओळ पडलीये: "लिफ्ट बंद पडली, चौथ्या मजल्यावरचे काका सहा वर्षांत पहिल्यांदा बोलले, आणि लिफ्ट चालू झाल्यावर परत गप्प." कच्च्यात टाकायची का मुरणाऱ्यात, शनिवारी बघते.