जुन्या लष्करी जीपमधला आवाज नेमका कुठून येतो, हे कसे शोधावे

दुसऱ्या महायुद्धात विलीजने ‘एमबी’ आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावांनी एकाच आराखड्याच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांतली एखादी ज्याच्या दारात उभी आहे त्याला ही गाडी मुळातच आवाजी आहे हे आधी मान्य करावे लागते. मागच्या चाकांवर, हाय रेंजमध्ये, थेट तिसऱ्या गिअरवर चालत असतानाही तिच्या ट्रान्सफर केसमधून, म्हणजे गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून, ताकद सरळ जात नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा गिअर मधल्या गिअरला फिरवतो आणि मधला गिअर मागच्या आउटपुट शाफ्टला. सरळ कापलेल्या दात्यांची ही जोडी गुणगुणणारच, आणि वेगाबरोबर चढणारी ती एकसुरी गुणगुण म्हणजे बिघाड नव्हे. चिंता करावी ती कालपर्यंत नसलेल्या आवाजाची, किंवा एकसुरी न राहता ठेका धरणाऱ्या आवाजाची.

शोध घेताना पाना हातात घेण्याआधी हा आवाज कोणाच्या चालीने चालतो, हे ठरवावे. या गाडीत तीन चाली आहेत. इंजिन आणि क्लच एका चालीने फिरतात. ट्रान्सफर केसचे आउटपुट, तिथून अॅक्सलपर्यंत जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकाचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, दुसऱ्या चालीने. आणि पिनियनने फिरणारा मोठा गिअर म्हणजे क्राऊन व्हील, अॅक्सल शाफ्ट व चाके तिसऱ्या चालीने. पिनियनला ८ आणि क्राऊन व्हीलला ३९ दाते असल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे होतात. ६.००-१६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जमीन कापतो. म्हणून एखाद्या भिंतीलगत माणसाच्या चालीच्या वेगाने गाडी चालवावी आणि शेजारून चालणाऱ्या मदतनिसाने ठोके मोजावेत. सव्वादोन मीटरला एकच ‘टक’ येत असेल, तर चाकाचे बेअरिंग, ब्रेक ड्रम किंवा क्राऊन व्हीलचा तुटका दाता पाहावा. तेवढ्याच अंतरात पाच ठोके येत असतील, तर प्रोपेलर शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतले क्रॉस, पिनियनचे बेअरिंग किंवा ट्रान्सफर केसच्या मागचा हँडब्रेकचा ड्रम संशयित ठरतो. या ड्रमभोवतीचा पट्टा सैल झाला की तो अगदी बेअरिंग गेल्यासारखा खडखडतो आणि कित्येक ट्रान्सफर केस त्यापायी विनाकारण उघडल्या जातात.

मात्र दोन साध्या गोष्टी त्याहीआधी तपासाव्यात. पहिली तेलाची. गिअरबॉक्समध्ये सुमारे ०.७ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये १.४ लिटर आणि प्रत्येक डिफरन्शियलमध्ये (अॅक्सलच्या मधल्या, क्राऊन-पिनियनच्या पेटीत) १.२ लिटर तेल मावते. इतक्या थोड्या तेलात पावशेराची गळतीसुद्धा ऐकू येते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधून तेल एकीकडून दुसरीकडे झिरपण्याची खोडही जुनी आहे, म्हणून एकाची पातळी पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. गिअरबॉक्समध्ये साधे खनिज नव्वद नंबरचे तेल घालावे. हायपॉइड डिफरन्शियलसाठीचे तीव्र गंधकयुक्त तेल तिथे गेले, तर सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, पितळी कड्या खराब होऊ शकतात.

दुसरी गोष्ट टायरांची. लष्करी नक्षीचे, दोन्ही दिशांना सारखे कापलेले टायर डांबरी रस्त्यावर असे घोंघावतात की ऐकणारा डिफरन्शियल गेला असेच म्हणतो. मीही एकदा त्याच भरवशावर मागचे हाउसिंग उघडून बसलो होतो. सिमेंटचा रस्ता, डांबर आणि मुरूम अशा तीन पृष्ठभागांवर एकाच वेगाने गाडी चालवावी. रस्ता बदलताच सूर बदलला आणि अॅक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याने त्यात काहीही फरक पडला नाही, तर तो टायरचा आवाज आहे.

यानंतर गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना येणारी घरघर पेडल दाबताच थांबली, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग किंवा खालचा काउंटरशाफ्ट यांत असतो. उलट पेडल दाबल्यावरच चरचर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवावे. मग ट्रान्सफर केसचा उजवा दांडा मधल्या, म्हणजे न्यूट्रलच्या जागी ठेवून गिअरबॉक्स तिसऱ्यात टाकावा. आता गाडी जागची हलत नाही, पण ट्रान्सफर केसमधला मधला गिअर फिरतो. इथे खळखळ ऐकू आली, तर त्या गिअरच्या आतली नीडल बेअरिंग किंवा दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर झिजले असण्याची शक्यता मोठी आहे.

रस्त्यावरची परीक्षा गिअरनिहाय घ्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये गिअरबॉक्सचा इनपुट आणि मुख्य शाफ्ट एकमेकांत अडकून थेट फिरतात आणि काउंटरशाफ्टवर भार राहत नाही. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यात कण्हणारा आणि तिसऱ्यात गप्प होणारा आवाज गिअरबॉक्सचाच असतो. तिन्ही गिअरमध्ये गाडीच्या वेगाबरोबर सारखाच राहणारा आवाज गिअरबॉक्सनंतरच्या भागांतून, म्हणजे ट्रान्सफर केसपासून चाकांपर्यंतच्या साखळीतून येतो. त्यानंतर एकाच वेगावर तीन अवस्था ऐकाव्यात: इंजिन ओढत असताना, पाय इतकाच ठेवला असताना की ओढही नाही आणि अडथळाही नाही, आणि पाय पूर्ण सोडून गाडी इंजिनावर रोखली जात असताना. केवळ ओढताना किंवा केवळ सोडल्यावर रडणारा सूर क्राऊन-पिनियनच्या दात्यांचा संपर्क चुकल्याचे सांगतो. पाय सोडल्यावरच येणाऱ्या आवाजात पिनियनचे बेअरिंग सैल झाल्याचीही शंका घ्यावी. भाराशी देणेघेणे नसलेली, वळणावर मात्र वाढणारी जाड घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजव्या चाकाची, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो.

गाडी सुटताना येणारी ‘ठण’ वेगळ्या जातीची आहे. प्रोपेलर शाफ्ट हातात धरून पिळावा आणि ढिलाई क्रॉसमध्ये, स्प्लाइनमध्ये की पिनियनमध्ये आहे हे बोटांनी चाचपावे. कोरडा पडलेला क्रॉस आधी हळू वेगात चिमणीसारखा चिवचिवतो आणि नंतर ठोकू लागतो.

पुढच्या बाजूचा आवाज शोधताना अनेकांची फसगत होते. या जीपला फ्री-व्हील हब, म्हणजे चाक अॅक्सल शाफ्टपासून सोडवता येणारे हब, नाहीत. पुढचा दांडा, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद जोडणारा दांडा, सुटलेला असला तरी पुढची चाके आपले अॅक्सल शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरवतच राहतात. म्हणून ‘टू-व्हीलमध्येही आवाज येतो, म्हणजे तो मागचा’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोन्ही पुढच्या हबवरचे ड्राइव्ह फ्लँज काढून गाडी चालवली, की पुढची सगळी साखळी स्थिर होते आणि उत्तर मिळते. चाक उचलून वर-खाली हलवल्यावर ढिलाई जाणवली, तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर ती चाकाच्या बेअरिंगची, राहिली तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खिळ्यांची. पूर्ण वळणावर, फोर-व्हीलमध्ये, मातीत येणारी कडकड स्टीअरिंगच्या गोळ्यातल्या जॉइंटची असते. कोरड्या डांबरावर मात्र फोर-व्हील लावून परीक्षा घेऊच नये, कारण मधे डिफरन्शियल नसल्याने साखळीत पीळ भरतो आणि तो टायर घसरून सुटताना जो दणका बसतो त्यालाच लोक बिघाड समजतात.

मागचा भाग वेगळा काढण्यासाठी मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवून, पुढचा दांडा लावून, केवळ पुढच्या चाकांवर गाडी चालवता येते. तो उतरवण्याआधी चाकांना ठोकळे लावावेत. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या आउटपुटवर असल्यामुळे शाफ्ट सुटला की तो मागच्या चाकांना धरत नाही, आणि पुढचा दांडा लावलेला नसेल तर उतारावर गाडी मोकळीच असते.

आपल्याकडे आणखी एक खास कारण संभवते. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपचे काम हाती घेतले आणि नंतरच्या नागरी जीपचे सुटे भाग दुकानांत सहज मिळत राहिले. त्यामुळे लष्करी जीपखाली कधीकाळी सीजेचा, म्हणजे त्या नागरी जीपचा, अॅक्सल बसवलेला असू शकतो. एमबीच्या अॅक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे फेरे, ४.८८ आहे, तर सीजे-३बीचे ५.३८. एक पुढे आणि दुसरे मागे असेल, तर फोर-व्हीलमध्ये दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतात, दांडा निघत नाही आणि सर्व काही करकरते. तपासणी सोपी आहे. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल, पुढचा दांडा सुटलेला, उरलेल्या चाकांना ठोकळे. एक चाक उचलावे, त्याच अॅक्सलचे दुसरे जमिनीवर राहू द्यावे आणि उचललेल्या चाकाचे २० फेरे करताना त्या अॅक्सलच्या शाफ्टचे फेरे मोजावेत. पावणेएकोणपन्नास आले तर अॅक्सल मूळ गुणोत्तराचा, पावणेचोपन्न आले तर सीजेचा.

शेवटी तेल कोमट असताना पांढऱ्या थाळीत काढून त्यात चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारी बारीक करडी पूड नेहमीचीच असते. टोकदार चकत्या किंवा दात्याचा तुकडा दिसला तर गाडी त्या क्षणापासून उभी ठेवावी. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या कड्यांची आणि ट्रान्सफर केसमध्ये थ्रस्ट वॉशरची असते. हे वॉशर आणि मधला शाफ्ट विकत घेताना व्हर्नियर सोबत न्यावा, कारण एमबीचा मधला शाफ्ट पाऊण इंच जाडीचा आहे आणि नंतरच्या जीपचे शाफ्ट त्याहून जाड असून दुकानदार ते एकाच खोक्यातून काढून देतो.