कुंड्यांचं स्टँड: चार पायांवरून तीनवर

जुन्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या पडून होत्या, त्यातून बाल्कनीसाठी स्टँड केलं. चार पाय, वर अखंड फळी. हॉलमध्ये टेकलं तेव्हा अगदी ठाम. बाल्कनीत नेलं आणि लागलं डुगडुगायला.

मी सरळ करवत घेतली. एक पाय घासला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. स्टँड दोन इंच बुटकं झालं, डुगडुग तशीच! शेवटी फरशीवर सरळ पट्टी आडवी धरली, तर एका लादीचा कोपरा चांगला वर आलेला. पायांचा बिचाऱ्यांचा काही दोषच नव्हता.

लादी उखडणं परवडणारं नव्हतं. म्हणून पाय तीनच ठेवले. तीन टेकू कसल्याही जमिनीवर एकदम टेकतात, म्हणून तर कॅमेऱ्याच्या स्टँडलाही तीनच पाय असतात. फक्त ते बाहेरच्या बाजूला जरा फाकवावे लागले, नाहीतर जड कुंडी एका अंगाला गेली की कलंडायची भीती.

दुसरी चूक पावसाळ्यात कळली. कुंडीखाली पाणी साचून फळी काळी पडली आणि मधोमध वाकली. ती काढून सुट्या पट्ट्या ठोकल्या, मध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवून. पायांच्या तळालाही वॉर्निशचे तीन हात दिले. लाकूड सगळ्यात जास्त पाणी ओढतं ते तिथूनच, आणि नेमकी तीच जागा मी आधी कोरडी सोडली होती.

सध्या वर मनीप्लँट आहे. तुळस जड, ती खालीच.