काय वाचायलात सध्या?

पुस्तकाबद्दल बोलायला ते संपायची वाट बघू नका. संपलं की माणूस निकाल देऊन मोकळा होतो: ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’. असला निकाल ऐकून पुस्तक उघडणारे फार थोडे. त्यापेक्षा ‘240 पैकी 90 व्या पानावर आहे, सासू आत्ताच घर सोडून गेलीय’ असं सांगा. समोरचा आठवड्याने आपणहून विचारेल, ‘आली का परत?’

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं तर पाच-सहा ओळी पुरतात. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, कथा की कादंबरी की आत्मचरित्र, एकूण पानं आणि तुमचं पान, ते हातात का घेतलं आणि वाचताना अडकून राहिलेली एक गोष्ट. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच, कारण एकाच पुस्तकाचे दोन-दोन अनुवाद बाजारात असतात आणि भलताच मागवला जातो. मुखपृष्ठाच्या फोटोसोबत आवृत्ती आणि किंमत छापलेल्या पानाचाही फोटो टाका. दुकानदाराला फोनवर पुस्तक सांगताना तेच पान कामी येतं. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून तेवढ्यावर भागवू नका, ग्रुपवरही टाका. आवाजी निरोप पाठवायचा तर मिनिटभराचा. त्याहून लांबला तर लोक ‘नंतर ऐकू’ म्हणतात आणि ते नंतर काही येत नाही.

पीडीएफ मात्र फिरवू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे ग्रुपांवर फिरणाऱ्या बऱ्याच फायली बेकायदा असतात. फुकट वाचायचंच असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची बरीच पुस्तकं उतरवून घेता येतात. त्याची लिंक खुशाल पाठवा.

शिफारस करणं याहून अवघड आहे. आपल्याला आवडलं म्हणून दुसऱ्याच्या हातात कोंबलेलं पुस्तक त्याच्या टीव्हीशेजारी धूळ खात पडतं. आधी तीन प्रश्न विचारा. शेवटचं कोणतं पुस्तक पूर्ण वाचलं? (‘आवडतं पुस्तक कोणतं’ असं विचारलं की लोक शाळेत ऐकलेली नावं सांगतात.) कोणतं मध्येच सोडलं आणि साधारण कुठे? आणि वाचायला वेळ कधी मिळतो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी. नेहमीच्या आकाराच्या मराठी कादंबरीचं एक पान वाचायला साधारण दोन मिनिटं लागतात. दुपारी जेवणं आटोपल्यावर वीस मिनिटं मिळणाऱ्या बाईला आठ-दहा पानांच्या कथांचा संग्रह द्या, एका बैठकीत एक कथा होते. रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्याला प्रकरणं छोटी असलेलं, हलकं, पुठ्ठा बांधणी नसलेलं पुस्तक बरं. हलत्या गाडीत बारीक टाइप वाचून डोकं दुखतं. साठीपुढच्या माणसाला देण्याआधी अक्षराचा आकार आणि पुस्तकाचं वजन बघा. पाचशे पानांचं पुस्तक छातीवर धरून झोपून वाचता येत नाही, आणि बरेच जण वाचतात ते तसंच. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसलेली पोरं ‘अभ्यासाचं आहे का?’ हेच आधी विचारतात. त्यांना शंभरेक पानांचं काहीतरी द्या आणि ‘ज्ञानात भर पडेल’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नका.

एका वेळी एकच पुस्तक सुचवा. तीन सुचवली की कुठलं आधी घ्यावं यातच महिना जातो. सोबत खोड सांगा: ‘पहिली तीस पानं संथ आहेत’, ‘माणसं खूप आहेत, नावं लिहून ठेवा’. आधी सांगितलेली खोड माणूस सोसतो, न सांगितलेलीवर पुस्तक मिटतो.

बोलीचंही तसंच. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, मराठवाडी बोलीत येते. लातूर-धाराशिवकडच्या वाचकाला पहिल्याच पानावर घरचं वाटेल. पुण्या-मुंबईला गेलेल्या भाच्याला देताना मात्र ‘पहिली दहा पानं मोठ्याने वाच’ असं बजावा. ही भाषा कानाला लवकर कळते, डोळ्याला उशिरा. जे वाचतच नाहीत त्यांनाही एक पान वाचून दाखवा, तेवढं पुरतं. ‘वाचनाने माणूस घडतो’ हे त्यांनी पुष्कळ ऐकलेलं असतं.

महिन्यातून एकदा माणसं जमवायची असतील तर आठ ते बारा ठीक. पंधराच्या पुढे गेलं की बोलणारे चार आणि ऐकणारे बाकीचे. प्रत्येकाला पाच मिनिटं, एकूण सव्वा तास. जागा गावच्या सार्वजनिक वाचनालयाची, नाहीतर शाळेचा वर्ग. सतरंजीवर गोल बसा. माइक, हार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन यातलं एक जरी शिरलं तरी त्याचा समारंभ होतो आणि अर्धा तास सत्कारात जातो. पुस्तक हातात घेऊन यायची अट ठेवा आणि ज्यांचं संपलेलं नाही त्यांना आधी बोलू द्या. शेवट फोडणाऱ्याला तिथेच थांबवा.

खेड्यांतले वाचक हवे असतील तर तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास ठेवा. ते तसेही येणार असतात. त्या दिवशी दुकानदार सुटत नाहीत, हेही धरून चाला. जूनमध्ये पेरण्या आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, या दिवसांत आग्रह नको. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या आत कोणाला बोलावू नका.

शिफारस केलेलं पुस्तक मिळायला हवं, नाहीतर सगळं बोलणं वाया. आधी तालुक्याच्या वाचनालयात बघा, नसेल तर तिथे लेखी मागणी द्या, प्रकाशकाच्या नावासकट. स्वतःची प्रत देणार असाल तर वहीत चार रकाने आखा: तारीख, कोणी नेलं, पुस्तक, परत कधी. मुदत एकवीस दिवस. पुस्तक देतानाच नेणाऱ्याचा पुस्तकासह फोटो काढून ग्रुपवर टाका. वहीपेक्षा या फोटोची आठवण जास्त टिकते. खाकी कव्हर घातलंत तर कण्यावर नाव लिहा, नाहीतर कपाटात सगळी पुस्तकं सारखीच दिसतात. लेखकाची सही असलेली प्रत द्यायची नाही, अगदी व्याह्यालाही नाही.

पंधरा दिवसांनी ‘वाचलं का?’ असं विचारलंत तर माणूस रस्ता बदलून जायला लागतो. ‘कितव्या पानावर आहात?’ विचारा. ‘सोडून दिलं’ म्हणाले तर पुस्तकाची बाजू घेऊन भांडू नका, पान विचारून घ्या आणि वहीत पाचवा रकाना आखून तिथे तो आकडा लिहा. एकाच पुस्तकासमोर तीन जणांचे आकडे चाळिशीच्या आसपास आले, तर पुढच्याला ते देताना सांगा की चाळिसाव्या पानाशी जरा चढ आहे.