अभ्यासक्रमातल्या प्रकल्पासाठी कारवी आणि शेकरू ही जोडी घेणार असाल तर

‘एक झुडूप आणि एक खार, तुलना कशाची करणार?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येणार, हे धरून चाला. माझं उत्तर होतं, पुढच्या पिढीची. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. शेकरू वर्षानुवर्षं जगतं आणि एका खेपेला बहुधा एकच पिल्लू वाढवतं. उंची, वजन, रंग असे रकाने भरत बसलात तर तक्ता लांबेल, हाती काही लागणार नाही.

कारवीसाठी नाशिककरांना लांब जायला नको. त्र्यंबकची एसटी पकडायची, अंजनेरी फाट्याला उतरायचं. बहर नसला तरी काम अडत नाही. जमिनीवर ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्यातली खोडं मोजा, उंची घ्या. बहराचं साल मात्र टापूगणिक वेगळं असतं, तेव्हा ते पाड्यावर विचारा. घराच्या कुडाच्या भिंतींसाठी कारवी आणणाऱ्यांना ते बरोबर आठवतं. फुलोरा मिळालाच तर हात लावून बघा. केसाळ, चिकट, बोटं चिकचिकतात. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाळ्यात भिजली की तडतडत फुटतात आणि बी उडतं.

शेकरूचं तसं नाही. शहरात दिसते ती पट्ट्यांची साधी खार. शेकरूसाठी मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकर गाठावं लागतं. १९८५ पासून ते अभयारण्य आहे, म्हणजे वनखात्याची लेखी परवानगी आधी. अर्ज सत्र सुरू होतानाच टाका. शेकरू दिसेलच याचा भरवसा नाही (दिसलं आणि मागच्या पायांवर उलटं लटकून फळ खाताना सापडलं, तर वही बाजूला ठेवा आणि बघा), म्हणून घरटी नोंदवायची. काटक्या-पानांचे मोठे गोळे, उंचावर, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या जागी. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, त्यामुळे दहा घरटी म्हणजे दहा शेकरं नव्हेत. तोंडी परीक्षेत हमखास इथेच अडवतात. ताज्या पानांची आणि विस्कटलेली घरटी वेगळी लिहा.

अहवालातल्या चर्चेच्या प्रकरणाला एक प्रश्न पुरतो: जंगल तुटलं तर कोणाचं काय जातं? बी पडण्याआधी उतार साफ झाला, तर कारवीची आठ वर्षं वाया. रस्त्यासाठी झाडांची एक रांग गेली, तर फांद्यांवरून जाणाऱ्या शेकरूला जमिनीवर उतरावं लागतं. त्यासाठी घरट्याच्या झाडाला शेजारची किती झाडं टेकतात, हे पहिल्या फेरीपासून लिहून ठेवा. नंतर फोटोंवरून ते कळत नाही.