आईबाबांना चालायला कसं लावायचं, आणि चालता चालता डोकंही कसं कामाला लावायचं

माझे बाबा ७४ चे आहेत, मागच्या वर्षी दूधवाल्याला पैसे देऊन झाल्यावर अर्ध्या तासाने परत पाकीट काढून दारात उभे राहिले आणि मी हादरलेच. तुमच्याकडे असं काही दिसत असेल तर पहिल्यांदा डॉक्टर गाठा, कारण बी-१२ कमी असणं, थायरॉईड, नीट ऐकू न येणं, एखादी झोपेची गोळी, यातल्या कशानेही विसरायला होतं आणि ते नुसतं चालून बरं होत नाही. बाबांचं बी-१२ कमी निघालं, औषध सुरू झालं, आणि डॉक्टर म्हणाले रोज चालवा.

पण चालवा म्हणजे किती? अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० लोकांवर एक अभ्यास झाला होता, २०११ मध्ये छापून आला. निम्म्या लोकांनी वर्षभर आठवड्यातून ३ दिवस ४० मिनिटं भरभर चालायचं, बाकीच्यांनी फक्त स्ट्रेचिंग वगैरे. चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा भाग, साधारण २% वाढला आणि दुसऱ्या गटात तो १.४% घटला. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक आला नाही, त्यामुळे चालल्याने डिमेन्शिया होणारच नाही असं कुणाला सांगू नका. मला त्यातली सुरुवात करायची पद्धत फार आवडली: पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवायची, सातव्या आठवड्यात ४०. आपण पहिल्याच दिवशी उत्साहाने तासभर फिरवतो, गुडघे धरतात आणि दुसऱ्या दिवशी "आज नको गं" सुरू होतं.

वेग असा ठेवा की गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही. बागेत चार पावलं टाकून बाकावर बसणं यात धरू नका (बसू देत, मित्र भेटतात तेही हवंच, पण आधी चालून होऊ दे).

आता माझा सगळ्यात आवडता भाग. सपाट, ओळखीचा रस्ता असेल आणि पाय स्थिर पडत असतील तर चालताना डोक्याला काम द्या. आपल्या आईवडिलांच्या पिढीला पावकी-निमकी (पाव, अर्धा, दीड असे अपूर्णांकांचे पाढे) पाठ असते, ते सोनं आहे! मी बाबांना म्हटलं दिडकी म्हणा, तर सातच्या दिडकीला गाडी अडली, पावलं मंद झाली, मग एकदम "साडेदहा!" आणि परत वेग धरला. आता औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, चालू आहे. आईला मी मराठी महिने फाल्गुनापासून उलटे विचारते. पण बोलायला लागलं की पायच थांबत असतील तर हे बंद करा, अशा लोकांना पडायचा धोका जास्त असतो, तेव्हा आधी तोल सुधारायचा.

तोलासाठी घरातच जागा आहे. ओट्याला हात धरून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. फरशीच्या रेघेवरून टाचेला बोट लावत चालणं, भिंतीजवळून. आणि जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ५ वेळा पासून सुरू करून १० पर्यंत, याने मांड्यांना ताकद येते. चालणं आठवड्याला एकूण १५० मिनिटं तरी, ताकदीचे व्यायाम २ दिवस, तोलाचे ३ दिवस, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मंगळागौरीचे खेळ येणाऱ्या बायकांना झिम्मा खेळू द्या की, ताल, पावलं आणि गाणं सगळं एकदम लक्षात ठेवावं लागतं.

चपला नकोत, मागून बंद असलेले बूट हवेत. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये, खिशात गोड खायची गोळी-बिस्कीट असावंच. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं, आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एकाएकी गोंधळल्यासारखं झालं तर घरी नेऊन झोपवू नका, थेट हॉस्पिटल.

आणि रस्ता चुकायला लागलेल्यांना एकटं सोडू नका, सोबत चालाच. तरी शर्टाच्या खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून खिशाच्या आत टाचून टाकलीय, कारण सुटी ठेवली की धुण्यात जाते.