वन-लाइनर ते वन-पेजर : पटकथेसाठी गोष्टीचा पिच कसा सुधारावा

वर्सोव्यातल्या एखाद्या कॅफेत तासभर बसलात, तर शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुणाला सिनेमाचा पिच ऐकवत असतं, म्हणजे गोष्ट थोडक्यात सांगून ती गळी उतरवत असतं. कान दिलात तर बहुतेक वेळा विषयच ऐकू येतो : शेतकरी, चाळ, एकटे पडलेले आईवडील. विषय सगळ्यांकडे असतात. निर्मात्याच्या ऑफिसात आलेल्या गोष्टी वाचून निवडणारा वाचक शोधत असतो ते वेगळंच. माणूस कोण, त्याला काय हवंय आणि ते मिळवताना आडवं काय येतंय?

आधी वन-लाइनर

वन-लाइनर म्हणजे एक-दोन ओळींत सांगितलेली गोष्ट. एक उदाहरण घेऊन बघू. पहिला खर्डा साधारण असा असतो : ‘मुंबईतल्या चाळसंस्कृतीच्या ऱ्हासावर भाष्य करणारी हृदयस्पर्शी कथा.’ यात कथा कुठेच नाही. ‘हृदयस्पर्शी’ हे ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं, लिहिणाऱ्यानं नव्हे. सगळी विशेषणं खोडा आणि माणूस आणा : ‘गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या विधवा कुमुदला पुनर्विकासात नवं घर हवं आहे.’ बरं झालं, पण अजून सगळं सुरळीत चाललंय. कोण अडवतंय तिला?

तिसरा खर्डा : ‘पुनर्विकासाच्या करारावर सही करायच्या आठवड्यात कुमुदला कळतं, की खोलीची भाडेपावती अजून परागंदा दिराच्या नावावर आहे. त्याला शोधलं नाही तर घर जाणार. शोधलं तर त्याला चोर ठरवून चाळीतून कुणी घालवलं, हे बाहेर येणार. घालवणारी कुमुदच होती.’

ओळी वाढल्या, तरी चालेल. आता दोन्ही बाजूंनी नुकसान आहे, मुदत आहे आणि बाईच्या पदराआड काहीतरी लपलेलं आहे. चाळसंस्कृतीचा ऱ्हास कुठे गेला? तो भाडेपावतीत आला. आपल्या ओळीत ‘पण’ किंवा ‘नाहीतर’ बसतच नसेल, तर पिच सुधारत बसू नका, गोष्टीकडे परत जा.

मग पानभर सारांश

वर्तमानकाळात लिहा आणि पात्रांची नावं तीनच्या वर नेऊ नका. बाकीचे ‘बिल्डर’, ‘धाकटी सून’ एवढ्यावर भागतात. शेवट लपवू नका. ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ हे वाक्य पोस्टरवर शोभतं. पैसे घालणाऱ्याला शेवट कळलाच पाहिजे.

पान सहसा मधेच ढिलं पडतं. सुरुवात झकास, शेवट ठरलेला आणि मधे ‘अनेक अडचणींना तोंड देत’. आपल्याकडे थिएटरात मध्यंतर होतं, त्यामुळे ‘इंटरव्हलला काय?’ हा प्रश्न येतोच. कुमुदच्या गोष्टीत तिथे दीर विरारला सापडतो आणि ना-हरकत द्यायला तयारही होतो, पण एका अटीवर : तिनं चाळीच्या मीटिंगमध्ये उभं राहून खरं सांगायचं. अडचण बाहेरची होती, ती आता तिच्या तोंडात आली. तुमच्या गोष्टीत मध्यंतरानंतर नेमकं काय उलटतं, ते एका वाक्यात लिहून पानाच्या मधोमध ठेवा. वेबमालिका असेल, तर मध्यंतराऐवजी पहिला भाग कुठे तोडता ते लिहा.

खर्चाचंही भान असू द्या. लोकलमधल्या शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते आणि शुल्कही भरावं लागतं. छोट्या बजेटचा मराठी सिनेमा म्हणून पिच करताय आणि पहिल्याच परिच्छेदात चर्चगेटची सकाळची गर्दी आहे, हे वाचक लगेच टिपतो.

तोंडी सांगताना

नरेशन आणि पिच यांत गल्लत नको. नरेशनमध्ये अख्खा सिनेमा सीनवार ऐकवतात, त्याला दोन तासही लागतात. पिच दोन-तीन मिनिटांत आटपायचा. या क्षेत्राशी संबंध नसलेल्या कुणाला, शेजारच्या काकूंना म्हणा, गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून ती परत ऐका. त्या जे गाळतील ते बहुधा गाळण्यासारखंच असतं. हिंदीवाल्यांकडे जाताना मराठी पानाचं शब्दशः भाषांतर नेऊ नका. हिंदीत नव्यानं लिहा. आणि सांगून झालं की थांबा. समोरचा गप्प आहे म्हणून उपकथानकं काढू नका, तो विचार करत असेल.

चोरीची भीती

नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली हे स्पष्ट केलं. संरक्षण मिळतं ते कल्पनेच्या मांडणीला. म्हणून ओळ सांगण्याआधी सविस्तर सारांश लिहून काढा आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिथे ऑनलाइन नोंदवा. ही नोंदणी म्हणजे अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा, त्याहून जास्त काही नाही. पण भेट झाली त्याच संध्याकाळी ‘आज आपण या गोष्टीवर बोललो, सारांश सोबत जोडला आहे’ असा दोन ओळींचा मेल टाकला, की कुणाला काय ऐकवलं याचीही नोंद राहते. मेलच्या विषयात गोष्टीचं नाव आणि तुमचं नाव लिहा, ‘एक जबरदस्त कथा’ नको.