गाडी धुताना या चुका टाळा: पाणी किती लागलं आणि गेलं कुठे

रविवारी सकाळी साडेसातला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पार्किंगच्या नळाला हिरवा पाईप जोडला जातो. तो दहापर्यंत चालू असतो. एका गाडीकडून दुसरीकडे जाताना, साबण लावताना, कुणाशी दोन शब्द बोलताना पाईप खाली जमिनीवर पडलेला, आणि पाणी वाहतच. एका रविवारी मी वीस लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन खाली उतरले. बादली भरायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. एका गाडीची पंधरा मिनिटं धरली तर १८० लिटर झाले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा रूढ निकष आहे. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा जास्त पाणी एका गाडीवर गेलं.

हे पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणेहून. पांजरापूर आणि भांडुपच्या केंद्रांत शुद्ध होऊन, पिण्यालायक होऊन येतं. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावांत आणि पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे वाक्य तिथल्या बायका हंडा डोक्यावर घेऊन जगतात. त्यांच्या उशाचं पाणी मी माझ्या गाडीच्या टायरवर ओतते आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पाईप हातात धरवत नाही.

पण पाणी वाचवलं म्हणजे झालं, असं मानणं हीसुद्धा चूकच आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक तीच आहे.

गटाराच्या जाळीकडे न बघणं

मुंबईत मैलापाणी आणि पावसाचं पाणी वेगवेगळ्या वाटांनी जातं. घरातल्या मोरीचं, संडासाचं पाणी मलवाहिनीतून प्रक्रिया केंद्राकडे जातं. पार्किंगमधल्या, रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी मात्र पर्जन्य जलवाहिनीत जातं, तिथून नाल्यात, आणि नाल्यातून थेट नदीत किंवा खाडीत. मध्ये कुठेही ते साफ होत नाही. ही व्यवस्था पावसाच्या पाण्यासाठी केलेली आहे, साबणाच्या फेसासाठी नाही.

आमच्या मुलुंड-भांडुपकडचे नाले ठाणे खाडीला मिळतात. तिथे तिवरं आहेत, कोळ्यांची जाळी आहेत, हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये त्या खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. आपण सगळे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला जाऊन गुलाबी पक्ष्यांचे फोटो काढून येतो. त्याच खाडीकडे आपल्या पार्किंगमधून काय जातं? डिटर्जंट, ब्रेक झिजून पडलेली धातूची काळी पूड, टायरच्या रबराचे कण, इंजिनाखालून ठिबकलेलं तेल. साबणातला मळ सोडवणारा घटक माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. फॉस्फेट असलेली पावडर पाण्यात गेली तर शेवाळ आणि जलपर्णीला खत मिळतं.

उपाय अगदी साधा आहे. गाडी बादलीने धुवा आणि शेवटी उरलेलं घाण पाणी जाळीत ओतू नका. पाच मिनिटं बादली तशीच ठेवा, माती तळाशी बसते. वरचं पाणी मोरीत किंवा संडासात ओता, तळाचा गाळ कागदात घेऊन सुक्या कचऱ्यात टाका. आमच्याकडे वॉचमनच्या केबिनमागे एक मोरी आहे, तिथे हे काम होतं. ज्यांच्या आवारात मातीचा मोकळा तुकडा आहे त्यांनी तिथे गाडी उभी करून साध्या पाण्याने धुतली तरी बरंच काही मातीत अडतं. मात्र तिथे विहीर किंवा बोअरवेल जवळ नको.

बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय म्हणून ते पाणी गटारात चालेल, असं समजू नका. तो साबण विघटित होतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो आणि विघटन होताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. आपल्या जाळीपासून नाल्यापर्यंतच्या वाटेत तेवढा वेळ मिळत नाही.

रोज पुसणं

आमच्याकडे गाड्या पुसणारे काका पहाटे पाचला येतात. नऊच्या आत तीस-पस्तीस गाड्या करायच्या असतात. एक बादली, एक फडकं. दहाव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहासारखं होतं, आणि तेच फडकं विसाव्या गाडीच्या बॉनेटवर फिरतं. मग आपण म्हणतो, उन्हात गाडीवर गोल गोल ओरखडे दिसतात, रंग निकृष्ट दिला असणार. रंगाचा दोष नाही. मुंबईत आज ज्या गल्लीत बघावं तिथे इमारत पाडणं किंवा उभारणं चालू आहे, त्यामुळे गाडीवरची धूळ म्हणजे वाळूची आणि सिमेंटची पूड असते. त्यावर कोरडं किंवा मळकं फडकं दाबून फिरवलं की तो पॉलिशपेपर होतो.

मी काकांशी बोलले. ते म्हणाले, “ताई, रोज पुसली नाही तर मेंबर म्हणतात पैसे कशाचे घेता?” त्यांचं बरोबर होतं. म्हणून आमच्या विंगमधल्या अकरा जणांनी असं ठरवलं: पगार तोच, पण गाडी आठवड्यातून दोनदाच ओली करायची. बाकी दिवस फक्त पुढची-मागची काच आणि आरसे. प्रत्येक गाडीची दोन कापडं आम्ही द्यायची आणि ती घरी धुवायची. काकांचा वेळ वाचला, पाणी वाचलं. तीन महिन्यांनी त्यांनी हात दाखवले, साबणाच्या पावडरीने बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा भरून आल्या होत्या. पाणी वाचवायचं ओझं फक्त त्यांच्यावर टाकून पैसे कापणार असाल, तर हा प्रयोग करूच नका.

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर

दोन्ही नकोत. ती तेलकटपणा काढायला बनवलेली असतात, त्यामुळे रंगावरचं मेणाचं संरक्षक आवरणही घेऊन जातात. फेस भरपूर होतो आणि तो घालवायलाच सगळ्यात जास्त पाणी लागतं. गाडीचा सौम्य शॅम्पू पाच लिटर पाण्याला झाकणभर पुरतो. गाडी फार मळलेली नसेल तर साधं पाणीच पुरे, हे आपल्याला पटत नाही कारण फेस दिसला की काम झाल्यासारखं वाटतं.

वीस लिटरमध्ये कसं होतं

लोकांचा यावर विश्वास बसत नाही म्हणून सविस्तर सांगते. झाडांवर औषध फवारायचा दोन लिटरचा हातपंप घ्या, नर्सरीत मिळतो. एका बादलीत पाच लिटर शॅम्पूचं पाणी, दुसरीत आठ लिटर साधं. आधी पंपाने टपापासून खालपर्यंत बारीक फवारा मारा आणि दोन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं फार महत्त्वाची, कारण धूळ पाणी पिऊन सैल होते. मग शॅम्पूत बुडवलेलं मऊ कापड टपावर सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. एक भाग झाला की कापड आधी साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच पुन्हा शॅम्पूत. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, मग खालचा, असा क्रम ठेवा. चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. शेवटी पंपाने पुन्हा फवारा मारून कोरड्या कापडाने टिपून घ्या. पंप एकूण तीनदा भरावा लागतो. बेरीज केली तर एकोणीस लिटर, म्हणजे ज्या बादलीने मी पाईप मोजला होता तिच्यात मावेल एवढं.

मायक्रोफायबरचं कापड घेतलंत तर ते चार घड्या करून वापरा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ भाग मिळतात. ते धुताना कंडिशनर घालू नका, धागे चिकट होऊन धूळ धरेनासे होतात. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा काचा कोरड्या करायला अजूनही उत्तम, फक्त काठ कापून टाका. जरीने ओरखडे पडतात.

डाग पडले तर

पांढरे ठिपके बहुतेक दोन कारणांनी पडतात. एक, भर उन्हात धुतलेली गाडी. बॉनेट तापलेलं असतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मग ते घालवायला पुन्हा धुणं आलं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत धुवा. दुसरं कारण, बोअरवेलचं पाणी. पिण्याचं पाणी वाचवायचं म्हणून मी दोन महिने सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि काळ्या दारांवर रांगोळी उठली. हेतू चांगला होता, पण शेवटचा हात साध्या पाण्याचा द्यायला हवा होता. असे डाग पडलेच तर एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि एक वाटी पाणी एकत्र करून कापडाने लावा, मिनिटभरात पुसा आणि लगेच पाण्याने धुवा. वाळू देऊ नका. नंतर त्या भागावर मेणाचा हात द्या.

शेवटच्या पुसण्यासाठी माझं आवडतं पाणी एसीचं आहे. मुंबईच्या दमट हवेत एसीच्या नळीतून रात्रभरात बादलीचा चांगला मोठा भाग भरतो. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं हे पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे काचेवर डाग उरत नाही. नळीतून गाळ येत असेल तर फडक्यातून गाळून घ्या. आरओचं टाकाऊ पाणी मात्र उलट, त्यात क्षार एकवटलेले असतात. ते चाकं आणि पायपुसण्यांसाठी ठेवा.

कावळ्या-कबुतरांची घाण नखाने खरवडू नका. ती रंगाला खाते, तेव्हा काढायची लवकरच, पण ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून, अलगद उचलून. वायपर फिरल्यावर काचेवर तेलकट पट्टा उमटत असेल तर काच धूत बसण्याआधी वायपरचं रबर ओल्या कापडाने पुसून बघा, बहुतेक वेळा मळ तिथेच असतो.

झाडाखाली लावलेल्या गाडीवर चिकट थर बसतो, त्याबद्दल जरा कळकळीने सांगते. पर्जन्यवृक्षावर पिठ्या ढेकणासारखी कीड पडली की ती गोड चिकट द्रव सोडते, तोच खाली ठिबकतो. तो कोमट पाण्याच्या फडक्याने सहज निघतो. पण सोसायटीच्या सभेत ‘गाड्या खराब होतात, फांद्या छाटा’ हा विषय दर वर्षी येतो. झाडाला कीड लागली असेल तर झाडाला उपचार लागतो, कुऱ्हाड नाही. आणि १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय मोठं झाड तोडता येत नाही, हेही सभेत मोठ्याने सांगा.

‘पाण्याशिवाय’ सगळीकडे चालतं हा समज

फवारून पुसायचे वॉटरलेस स्प्रे हलक्या धुळीसाठी चांगले आहेत. चिखलावर ते वापरले तर चिखलाची माती रंगावर घासली जाते. पावसाळ्यात तर त्यांच्यावर विसंबूच नका. आणि पावसात गाडी आपोआप धुतली जाते हेही खरं नाही. टप धुतला जातो, पण चाकांच्या वरच्या पोकळीत आणि गाडीच्या पोटाखाली चिखल बसतो, तो ओल धरून ठेवतो आणि तिथून गंज सुरू होतो.

भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हला किंवा वरळी सी फेसला गाडी नेली असेल आणि लाटांचे तुषार अंगावर आले असतील, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, मिठाला रात्रभर ठेवू नका. इथे चार बादल्या लागल्या तरी त्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, गंजलेला पत्रा बदलण्यात त्याहून कितीतरी जास्त नासाडी आहे. जूनमध्ये काही गॅरेजवाले गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून देतात. त्याला नाही म्हणा. ते रबराचे भाग फुगवतं आणि पहिल्याच मोठ्या पावसात धुपून नाल्यात जातं. खालचा भाग सुका असताना, मे महिन्यातच, गंजरोधक थर लावून घ्या.